मस्कतचे विमानवाले अप्पा

अप्पांच्या विमानाला लिंबू-मिरची असायची. हे विमान म्हणजे हलक्या लाकडाचं, बॅटरीवर पंखा फिरणारं, रिमोटनं खरोखर उडणारं हातभर प्रकरण. स्वतः अप्पांनी बनवलेलं. त्याच्या नाकाखाली एक लिंबू आणि चार मिरच्या.

मी नायगावचा, अप्पा जळकोटचे. मस्कतला आम्ही एकाच बांधकाम कंपनीत कामाला आणि एकाच खोलीत राहायला होतो. ते गोदाम सांभाळायचे. लिंगायत माणूस, आधी कपाळाला विभूती, मग चहा. शुक्रवारी सुट्टीला बाकीचे झोपायचे, समुद्रावर जायचे. अप्पा मात्र गोंद आणि ब्लेड घेऊन बसायचे. खोलीभर लाकडाचा भुसा, पार माझ्या वरणातसुद्धा. मी चिडलो की म्हणायचे, "थांब की बालाजी, पंख वाळून राहिलाय."

मला वाटलं, एकटं राहून माणसाला येड लागलंय. शेवटी न राहवून विचारलंच, "अप्पा, ह्या वयात हे कुठनं सुचलं?"

"तुझ्या काकूसाठी," ते म्हणाले. "विमानाला भेतीय ती. इकडं ये म्हणलं की नको म्हणती. एकदा नीट उडालेलं, उतरलेलं बघितली की येईल."

म्हणजे गावाकडं राहणाऱ्या बायकोला, महानंदाकाकूंना मस्कतला आणायचं, त्यासाठी हा सगळा खटाटोप. त्यापायी अप्पा स्वतःही गावी जात नव्हते. "मी गेलो की तिचं भागलं. मग ती कशाला येती?" दरसाल त्यांची रजा तशीच बुडायची. असल्या हट्टी माणसापुढं काय डोकं फोडायचं?

शुक्रवारी शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानात प्रयोग चालायचे. माझ्या हातात फोन, फोनमध्ये काकू. पहिलं विमान उडालं आणि लिंबाच्या वजनानं नाकावर आपटलं.

"पडलं की हो," काकू म्हणाल्या.

मी म्हणालो, लिंबू काढा. अप्पा माझ्यावरच उखडले. "नव्या गाडीला लिंबू न्हाई? कसं बोलून राहिलास?" मग तोल साधायला त्यांनी शेपटीलाही एक लिंबू बांधलं. आता ते जागचं उठेचना. तिकडं काकूंनी मेथी निवडायला घेतली. शेवटी नाइलाजानं अप्पांनी दोन्ही लिंबं काढली आणि पंखांवर विभूतीची तीन बोटं ओढली. "हिला वजन नसतंय," म्हणाले, जसा काही शोधच लावला होता.

विमान वर गेलं. दोन घिरट्या घातल्या. मग अप्पांनी मुद्दाम पंखा बंद केला, तरी ते तरंगत खाली आलं आणि वाळूवर अलगद टेकलं. इतके दिवस कुरकुर करणारा मी, पण मलाही लई आनंद झाला.

"बघितलीस का? मशीन बंद झालं तरी पडत न्हाई," अप्पा फोनमध्ये बघून म्हणाले. "आता तरी येतीस का?"

काकूंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "हाव, लई चांगलं केलात. मग असल्याच एखाद्यात बसून तुम्हीच या की. येळ अमावस्या आली. रानात सगळे जोडीनं पूजा करत्यात, आंबील पित्यात. मी दरसाल तिथं एकटी बसते."

काकूंनी फोन ठेवला. अप्पा विमानापाशी उकिडवे बसून राहिले. मी रिमोट उचलला, बॅटरी काढली.

"बालाजी," ते हळूच म्हणाले, "इतकी सालं मी समजून राहिलो, ही भेतीय म्हणून. ही तर रुसली होती रे."