गोधडी इस्पितळात दाखल

चादरी, टॉवेल आणि पांघरुणं या विषयात मला शिकवणारा माणूस अजून जन्मायचा आहे! ही बढाई नाही, माझी नोकरीच आहे. गेली एकवीस वर्षं मी एका मोठ्या इस्पितळाची कपडाकोठी सांभाळतो. अकराशे चादरी, सातशे टॉवेल, उशांचे अभ्रे वेगळे. डोळ्यांवर पट्टी बांधून मला कोठीत सोडा, मी तुम्हाला प्रसूती विभागाची दुपटी काढून देईन!

आणि घरी? घरी मला साधा एक टॉवेल सापडत नाही.

कारण घरची कोठी बायकोकडे. ती भूगोल शिकवते, तरी तिच्या चादरींचा नकाशा जगात कुठेही छापलेला नाही. जास्तीचे टॉवेल माळ्यावरच्या सुटकेसमध्ये. चादरी गादीखाली. जाड पांघरुणं सोफ्याच्या पोटात. उशा तर धान्याच्या रिकाम्या पिंपात! मी एकदा म्हणालो, "अगं, याला काही पद्धत?" ती म्हणाली, "आहे ना. मला विचारायचं, ही पद्धत."

मागच्या शनिवारी ती तीन दिवसांच्या शिक्षक-प्रशिक्षणाला गेली. दाराशी पायात चप्पल घालताना तिने बजावलं, "अहो, कशाला हात लावू नका."

मी "छे!" म्हणालो, आणि ती जिना उतरून जाईपर्यंत दम धरला.

दुपारपर्यंत सगळं घर जमिनीवर होतं. सोफ्याने पोटातलं सगळं ओकून टाकलं. माळ्यावरून टॉवेल असे कोसळले, जणू घराचं छप्परच टॉवेलांचं होतं. चौतीस टॉवेल! दोन माणसांच्या घरात चौतीस! त्यातल्या निम्म्यांना डांबरगोळ्यांचा असा वास, की नाकातले केस ताठ उभे राहिले. मी ठरवलं, आता करायचंच तर नीट. सगळं एकदम धुवायचं, मग इस्पितळासारखं आकारवार, रंगवार लावायचं. बायको परत येईल, कपाट उघडेल, आणि तिच्या डोळ्यांत पाणी येईल!

(पाणी आलं. पण ते पुढे.)

आमच्या इस्पितळाचे कपडे धुणारा लाँड्रीवाला माझ्या ओळखीचा. त्याला फोन केला. तो गाडी घेऊन आला आणि पाच गाठोडी उचलून घेऊन गेला.

रविवारी मी स्टुलावर चढून माळा पुसत होतो. एका हातात फडकं, दुसऱ्या हाताने खांब धरलेला, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये. पलीकडे यंत्रांची धडधड.

"साहेब, माल वाळला. शिक्के नाहीयेत यांच्यावर. मारू का?"

आता झालं असं होतं, की महिन्यापूर्वी मीच फतवा काढला होता : बिनशिक्क्याचा एकही कपडा चालणार नाही! मला वाटलं, हा इस्पितळाच्या नव्या मालाबद्दल विचारतोय.

"मार की!" मी ओरडलो. "विचारतोस काय? एकही सोडू नकोस!"

"सगळ्यांवर?"

"सगळ्यांवर! आणि शाई पक्की वापर. मागच्या वेळी फिकी होती!"

सोमवारी सकाळी दारात दोन गाठोडी आली. आणि गाठोड्यांच्या मागोमाग, हातात पिशवी घेऊन, सासूबाई! त्यांच्या घरी पाण्याची मोटर बिघडली होती, म्हणून दोन दिवस लेकीकडे राहायला आल्या. लेक घरी नाही हे ऐकून त्या क्षणभर थबकल्या. मग म्हणाल्या, "असू दे. जावईबापू आहेत ना."

त्या वाक्यात विश्वास होता की धीर, ते मला अजून कळलेलं नाही.

त्या आंघोळीला निघाल्या. मी गाठोडं सोडून ऐटीत वरचा टॉवेल दिला. थोड्या वेळाने त्या चष्मा लावून बाहेर आल्या.

"जावईबापू, यावर 'नेत्र विभाग' असं लिहिलंय."

मी बघितलं. जांभळ्या शाईत, तळहाताएवढा शिक्का. रविवारी लाँड्रीवाला कुठल्या मालाबद्दल विचारत होता, ते आत्ता कळलं. पण वीस वर्षं जावई म्हणून काढलेला माणूस सहजासहजी डगमगत नाही.

"हो ना! तो डोळे पुसायचा."

"आणि हा 'अस्थिरोग'?"

"तो... गुडघ्यांसाठी."

सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी आयुष्यभर पोस्टाच्या खिडकीत बसून लोकांच्या थापा ऐकल्या आहेत.

मी आत जाऊन उरलेलं गाठोडं उपसायला लागलो. अतिदक्षता. अपघात विभाग. लाँड्रीवाल्याच्या हाताला जो शिक्का लागला तो त्याने मारला होता! मी सगळं उलटं घडी करून लपवायला घेतलं, पण तेवढ्यात सासूबाईंनी दुपारच्या झोपेसाठी स्वतःच एक चादर ओढून पलंगावर पसरली. फिकट निळी, मऊ, सुंदर चादर. बरोबर मधोमध शिक्का : शवागार.

सासूबाईंनी चष्मा पुसून शिक्का पुन्हा एकदा वाचला.

"जावईबापू," सासूबाई हळूच म्हणाल्या, "इतकी घाई झालीय का हो तुम्हाला?"

मी जमिनीवर बसकण मारली आणि सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! मलाही हसू फुटलं. वाटलं, सुटलो.

"बरं, ती चादर ठेवा बाजूला. माझी गोधडी द्या, तीच अंथरते."

माझं हसू तिथेच विरलं.

ती गोधडी सासूबाईंनी शिवलेली. बायकोच्या लहानपणीच्या फ्रॉकांचे तुकडे जोडून. पिवळ्या ठिपक्यांचा पहिल्या वाढदिवसाचा, निळा शाळेतला. बायको आजारी पडली की औषधाआधी ती गोधडी घेते. दोन्ही गाठोडी मी झटकली, पिंपात डोकं घालून बघितलं. गोधडी नव्हती.

फोन लावला. "तीन गाठोडी कुठं आहेत रे?"

"इस्पितळात, साहेब! माझ्या माणसाने शिक्के बघितले आणि तिकडंच उतरवली. ही दोन तरी मी अडवली म्हणून!"

मी स्कूटर काढली. मेट्रनबाईंनी वाटप-वही बघून सांगितलं, गोधडी स्त्री कक्षात, खाट क्रमांक अकरा.

अकरा नंबरवर एक म्हातारी बाई होती. जन्मभर शिवणकाम केलेली. गोधडी गळ्यापर्यंत ओढून ती टाक्यांवरून एकेक बोट फिरवत होती. मी अदबीने म्हणालो, "आजी, ही जरा चुकून इथं आलीय," आणि एक कोपरा धरला. तिने दुसरा धरला. मी थोडं ओढलं. तिने बरंच ओढलं! मोडलेल्या खुब्याच्या बाईत एवढी ताकद असते, हे मला ठाऊक नव्हतं.

"म्हातारीचं पांघरूण ओढतोय बघा!" बारा नंबर ओरडली.

"कोठीवाला आहे तो," नऊ नंबरने माहिती पुरवली. "असलेच असतात!"

परिचारिका धावत आली. "सोडा आधी! चार दिवस अन्नाला शिवल्या नव्हत्या त्या, बोलत नव्हत्या. काल ही गोधडी घातली तेव्हापासून बोलतायत, आज चार घास जेवल्या. खबरदार काढलीत तर!"

मी रिकाम्या हाताने घरी आलो. दारात बायकोच्या चपला. प्रशिक्षण अर्धा दिवस आधी आटोपलं होतं!

सासूबाईंनी तिला बरंचसं सांगितलेलं असावं, कारण ती हातात 'अपघात विभाग' घेऊन बसली होती आणि तिचे खांदे हसून हलत होते. मग मी गोधडीचं सांगितलं. खांदे थांबले. ओरडली असती तर बरं वाटलं असतं! फक्त डोळे भरले आणि ती म्हणाली, "चला."

आम्ही तिघं इस्पितळात गेलो. बायको खाटेजवळ उभी राहिली, पण तिने गोधडीला हात लावला नाही. म्हातारीनेच विचारलं, "कुणाच्या हातची आहे गं ही?"

"माझ्या," सासूबाई पुढे झाल्या.

"टाका चांगलाय. पण हा कोपरा वाकडा गेलाय."

"जाणारच. ही मांडीवर झोपली होती. हलले असते तर उठली असती."

म्हातारीने बायकोकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे. मग सासूबाईंसाठी पाय थोडे सरकवून जागा केली. दोघी जणी तासभर दोरा आणि अस्तर यांवर भांडत बसल्या. निघताना बायकोने गोधडी सारखी केली. म्हातारीच्या अंगावरच!

"घरी जाल तेव्हा द्या, आजी," ती म्हणाली.

जिना उतरताना तिने माझा दंड धरला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. "त्या जेवल्या ना, बरं झालं," एवढंच म्हणाली.

बारा दिवसांनी म्हातारी वॉकर धरून घरी गेली आणि गोधडी आमच्याकडे आली, छान घडी करून. उसवलेले दोन तुकडे नव्याने शिवलेले. आणि तो वाकडा कोपरा म्हातारीने आमच्यावरच्या मायेपोटी उसवून, अगदी पट्टी लावल्यासारखा सरळ करून दिला होता.

बायकोने त्या सरळ कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग तिने सुई-दोरा माझ्या हातात दिला.

"हा पुन्हा होता तसा वाकडा करा. आईला आता सुईत दोरा ओवता येत नाही, आणि माझा हात सरळच चालतो. वाकडं करण्यात तुमचा हात कोण धरणार!"

मी बोटं टोचून घेत, जीभ बाहेर काढून, सबंध दुपार त्या कोपऱ्यावर खपलो. सासूबाईंनी गोधडी उजेडात धरली, चष्मा लावला आणि सुस्कारा सोडला.

"जावईबापू, हा तर त्या बाईंनी शिवलेल्यापेक्षाही सरळ आलाय हो!"