तीन पाकिटं आणि अट क्रमांक नऊ

जेवणाच्या टेबलावर तीन सीलबंद पाकिटं होती, चार कप चहा, एक स्टेपलर आणि इशितानं गोळा केलेले अकरा दगड. दगड बाबांनीच पाकिटांवर ठेवले होते, पंख्यानं उडू नयेत म्हणून. एरवी त्यांना ते घरात चालत नसत.

इशिताचे बाबा, जयंत, केंद्र सरकारच्या एका खात्यात खरेदीच्या फायली सांभाळत. सव्वीस वर्षांत तीन कोटेशन्स मागवल्याशिवाय त्यांनी साधी खुर्ची घेतली नव्हती, मग लेकीची डिग्री कशी घेणार? पहिलं पाकीट त्यांचं स्वतःचं: खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. दुसरं नीरजाआत्याचं: कॉमर्स. तिसरं इशिताचं: जिओलॉजी. जिओलॉजीची सीट तिला मिळाली होती. संध्याकाळी पाचच्या आत ती स्वीकारली नाही तर जाणार होती. आत्ता तीन वाजले होते.

"आधी तांत्रिक छाननी, मग किंमत," बाबा म्हणाले.

"जयंता, मी करोल बागेतून मेट्रो बदलत आलेय. आधी खायला काय आहे ते सांग," आत्या म्हणाली.

इशितानं बाबांनी टाइप केलेल्या अटी वाचायला घेतल्या. "अट क्रमांक चार. पुरवठादारास किमान पंचवीस वर्षांचा अनुभव असावा. बाबा, तुमचं इंजिनिअरिंग कॉलेज निघून बाराच वर्षं झालीत. बाद."

"असं कसं बाद? ती अट फोटोकॉपी मशीनची आहे!" बाबांनी जुनंच टेंडर काढून 'मशीन'च्या जागी 'पदवी' टाकलं होतं आणि बाकीचं तसंच राहिलं होतं.

"सही तुमचीच आहे."

आई, म्हणजे पद्मजा, चहात तोंड लपवून हसली.

आत्याचं पाकीट एकदा उघडून पुन्हा चिकटवलेलं दिसत होतं. "अगं, पुरावा म्हणून शेजारच्या सुधन्वाची पगाराची स्लिप टाकायची राहिली होती," आत्या म्हणाली. "सीए आहे तो. बघा तर खरं!"

"फेरफार केलेलं पाकीट. बाद," बाबा सवयीनं म्हणून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली.

उरलं जिओलॉजी. इशितानं हिशेब फार काटेकोर केला होता, आणि तोच तिला नडेल असं वाटत होतं. तीन वर्षांवर तिनं एमएस्सीची दोन वर्षं आपणहून जोडली होती, फील्ड ट्रिपचे बूटसुद्धा धरले होते. पाच वर्षांचे एक लाख अठरा हजार. खाली टीप: 'पहिल्या वर्षी नोकरी मिळेलच असं नाही.'

"दगड बघून पगार कोण देतं गं?" आत्यानं विचारलं.

"मेट्रोचा बोगदा खणायच्या आधी खाली काय आहे ते कुणीतरी सांगावंच लागतं, आत्या. बोअरचं पाणी कुठे लागेल, तेही."

"अच्छा! म्हणजे मी आले ती तुमच्याच लोकांच्या जिवावर."

बाबांनी घसा साफ केला. "एकच पात्र निविदा उरली. नियमानं फेरनिविदा. एकवीस दिवस."

"अहो, सीट पाचला जातेय!" आई म्हणाली. "आपल्या लग्नाच्या वेळी किती कोटेशन्स मागवली होती?"

"एकच."

"मग?"

"ती वस्तू दुसरीकडे मिळत नव्हती. अशा वस्तूला एक कोटेशन चालतं."

आई सोळा वर्षांच्या मुलीला लाजवेल अशी लाजली आणि लगेच सावरली. "मग ही सीट तरी दुसरीकडे कुठे मिळते?"

इशिताची नजर अटींच्या कागदाच्या तळाशी गेली. बाकी सगळं टाइप केलेलं, ही एकच ओळ निळ्या पेनानं: 'अट क्रमांक नऊ. काही बिघडल्यास चोवीस तासांत जागेवर पोचता आलं पाहिजे.'

"हे पण मशीनचंच?"

"नाही." बाबा एक दगड उगाच सरळ करत राहिले. "तिकडे डोंगरात रेंज असते का गं?"

असते म्हणायला काय जात होतं? टेबलाखालून आत्यानं तिला पाय मारून तेच सुचवलं.

"नसते, बाबा. कधी कधी आठ-आठ दिवस."

बाबांनी चष्मा पुसला. मग पट्टी लावून अट क्रमांक नऊवर सरळ रेघ मारली, शेजारी छोटी सही केली आणि लॅपटॉप ओढला. "ओटीपी सांग."

चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी सीट पक्की झाली.

डिसेंबरात पहिली फील्ड ट्रिप उदयपूरच्या पुढे गेली. रेंज फक्त कॅम्पमागच्या टेकडीच्या माथ्यावर मिळते असं कळलं, तेव्हा चौथ्या दिवशी दुपारी इशिता धापा टाकत वर चढली आणि तिनं बाबांना फोन लावला. बिझी. असा एकूण अकरा वेळा लावला. बिझी. "कुणाशी बोलतायत यार इतका वेळ?" ती दगडावर बसून पुटपुटली. तेवढ्यात आईचा मेसेज आला: 'तुझा फोन बिझी येतोय म्हणून बाबा मघापासून पुन्हा पुन्हा तुलाच लावतायत. मी त्यांच्या हातातून फोन काढून घेतलाय. आता कर.'

रात्रीच्या जेवणाआधी तिनं फील्डच्या वहीत दिवसाची नोंद पुरी केली. बिंदू सात. चढण एकशे चाळीस मीटर. खडक क्वार्टझाइट, थरांचा उतार पश्चिमेला बावन्न अंश. फोनचे प्रयत्न बारा, लागला एक. बोलणं चार मिनिटं दहा सेकंद.