पेळूचं जावळ

तात्या परब ढग हाताळून बघत. म्हणजे गॅलरीच्या कठड्यावरून हात बाहेर काढायचा, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळायची, डोळे अर्धवट मिटायचे आणि निकाल द्यायचा, "आखूड धागो. टिकूचो नाय." थोड्या वेळाने तो ढग विमानतळाच्या बाजूला विरून जाई आणि तात्या माझ्याकडे बघून मान हलवत.

विलेपार्ल्यात त्यांच्या आणि आमच्या खोलीच्या मध्ये एक भिंत आणि पुढे सामाईक गॅलरी. तात्यांची उमर गिरणीच्या कार्डिंग खात्यात, कापूस पिंजणाऱ्या यंत्रांपुढे गेली. संपात गिरणी सुटली, तेव्हा ते मरोळला बटणांच्या कारखान्यात लागले. पण बटणांवर त्यांचा जीव बसला नाही. माणसाची ओळखही ते केसांपासून करून घेत. माझ्या नवऱ्याच्या डोक्याकडे बघून पहिल्याच भेटीत "वेस्टेज जास्ती हा" म्हणाले होते, आणि पाच वर्षांत ते खरं ठरलं. कुणी घाईत दिसलं की त्यांचं एकच वाक्य, "ओढू नको, तुटात." दूधवाल्याला तेच, परीक्षेच्या पोरांना तेच, आणि पोळ्या लाटताना मलाही तेच.

त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, जाऊन तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. कारखान्याच्या मॅनेजरकडे पॉमेरियन कुत्रीला पिल्लं झाली, त्यातलं एक तात्या कापडी पिशवीतून घेऊन आले. नाव ठेवलं पेळू. पिंजलेल्या कापसाची सैल वळी म्हणजे पेळू, असं त्यांनी मला समजावलं आणि पिल्लाच्या पाठीवर दोन बोटं चोळून जाहीर केलं, "लांब धागो."

मी शाळेत शिकवते. न विचारता सांगणं हा माझा पेशाच आहे. मी तात्यांना आणि पेळूला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "आठ आठवड्यांचं झालंय ना? मग आजपासूनच सुरुवात करा. रोज दोन मिनिटं मऊ ब्रश फिरवा, पंजे हातात धरा, कान उघडून बघा. आत्ता हाताची सवय लागली नाही, तर मोठेपणी चावेल."

"व्हय, व्हय," तात्या म्हणाले आणि घरी येऊन त्यांनी काहीही केलं नाही.

ज्या माणसाने जन्मभर कापूस विंचरला, तो हातभर पिल्लाला फणी लावेना! आठवडे गेले. बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास दुपारी गॅलरीत येई, पेळू नाक वर करून हुंगत बसे आणि तात्या त्याच्याकडे नुसते बघत राहत. त्या वासात त्या दोघांकडे बघता बघता माझ्याही हातातल्या वह्या तपासायच्या राहून जात.

शेवटी मी विचारलंच. तात्या शांतपणे म्हणाले, "जावळ झाल्याबगर कसा विंचरू?"

"कुत्र्याचं जावळ?"

"केस जन्माचे आसत ना? मग पयलो हात मामाचो. मामाच्या मांडयेर बसवन जावळ काढतत. मामा येवक व्हयो."

"तात्या, ब्रश म्हणजे कातर नव्हे."

"ओढू नको, तुटात," ते म्हणाले. विषय संपला.

मी ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगितली आणि आम्ही पोट धरधरून हसलो.

चौथ्या महिन्यात पेळूच्या कानांमागे केसांच्या घट्ट गाठी झाल्या. हात लागला की तो कळवळून ओरडे. डॉक्टरांनी बजावलं, "अजून पंधरा दिवस गेले, तर सगळं अंग भादरावं लागेल. आणि असे केस परत येतीलच, असं नाही." मी तणतणत तात्यांकडे गेले. म्हटलं, कुठला तुमचा मामा तो, बोलवा त्याला!

तात्यांनी कठड्याबाहेर हात काढून आकाशाकडे पाहिलं. मग म्हणाले, "चारकोपाक रवता. वसंत. सुमनचो भाव. बाराव्याक इल्लो, तो शेवटचो."

"मग एक कार्ड टाका ना."

"खयच्या नात्यान टाकू गो बाय? बायल गेली, नातां गेलां. एक पोर असतां, तर मामा म्हणान तरी इलो असतो."

मला स्वतःची लाज वाटली. ज्यावर मी शाळेत हशा पिकवला होता, ते या माणसाचं एकटेपण होतं.

त्याच संध्याकाळी मी त्यांना न विचारता, सुमनवहिनींनी कधीतरी लिहून दिलेल्या पत्त्यावर पोस्टकार्ड लिहिलं. 'सा. न. वि. वि. आपला भाचा चि. पेळू याचे जावळ येत्या रविवारी सकाळी करण्याचे योजिले आहे. मामांवाचून कार्य अडले आहे. अगत्य येणे.' सगळं रीतसर लिहिलं, खाली नाव तात्यांचं घातलं. चि. पेळूला चार पाय आहेत, एवढंच लिहायचं राहिलं.

रविवारी वसंतमामा दारात उभे. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात झबलं-टोपडं आणि चांदीचा करदोटा.

"भावोजी, दत्तक घेतलात? माका कळवलात पण नाय? बाळ खय आसा?"

बाळ पलंगाखालून आलं आणि मामांच्या बुटाची नाडी चावू लागलं.

माझी वाट लागली होती. मी चाचरत सगळा कबुलीजबाब दिला. तात्या खाली वाकून पेळूला बुटापासून सोडवू लागले. वसंतमामांनी कार्डाकडे पाहिलं, पेळूकडे पाहिलं आणि मग भिंतीवरच्या बहिणीच्या फोटोकडे बघत राहिले.

"पाट खय आसा?" त्यांनी विचारलं.

ते मांडी घालून बसले, पेळूला घेतलं आणि त्याच्या कपाळावर तळवा ठेवला. तात्या फणी घेऊन समोर टेकले. पेळू आधी विव्हळला, मग गप्प झाला. तात्यांची बोटं एकेक केस सोडवत होती. सुटलेले पांढरे केस उन्हात तरंगत गॅलरीकडे जात होते. असे हात मी पुन्हा पाहिले नाहीत.

"माका वाटलां, माझां तोंड बगून तुमका ताईची आठवण येयत," वसंतमामा हळूच म्हणाले. "म्हणान इलंय नाय."

"ती रोजच येता रे," तात्या मान वर न करता म्हणाले. "तू नसलंस तरी येता."



"डॉक्टर म्हणता, सवय लागूक रोज व्हया," तात्या म्हणाले. "तू आपलो आयतवारी तरी येशीत?"

"येतंय."

पेळू केव्हाच झोपला होता. सगळ्या गाठी सुटल्या होत्या. तरी वसंतमामांनी मांडी मोडली नाही, आणि तात्यांनी फणी खाली ठेवली नाही.