दाजीबा तरसाच्या गाडीची उंची

एका जंगलात, जिथे रस्ता अजून व्हायचा होता पण रस्त्याचं उद्घाटन दोनदा होऊन गेलं होतं, दाजीबा नावाचा एक तरस आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत होता.

मुलांनो, तरस कसा असतो ठाऊक आहे ना? पुढून उंच, मागून उतरता. रूप बेताचं, पण जबडा मजबूत. आणि दुसऱ्याने वापरून सोडलेल्या वस्तूचं त्याला वावडं नसतं. त्यामुळे दाजीबाने गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा ती जुनी घ्यायची हे आपोआपच ठरलं.

गाडी हवी होती ती आईसाठी. तिचं नाव भागूबाई. जन्मभर रानात पायपीट करून तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते. डोंगरापलीकडे गरम पाण्याचं एक कुंड होतं. त्या कुंडावर वर्षातून फक्त तीन दिवस एक करकोचा वैद्य उतरायचा. गुडघ्यांना पाला बांधायचा, सांधे मोकळे करायचा आणि तिसऱ्या दिवशी सूर्य कलला की उडून जायचा. मागच्या वर्षी भागूबाई चालत निघाली आणि चौथ्या दिवशी पोहोचली. नुसतं पाणी बघून परत आली.

"यंदा तुला गाडीतून नेतो, आई," दाजीबा म्हणाला.

आणि मुलांनो, हे तो अगदी मनापासून म्हणाला. पुढे जे झालं ते ऐकताना एवढं लक्षात ठेवा.

गाडी एका निवृत्त गव्याची होती. उंच, ऐसपैस, डोंगरात चालणारी.

"एका खुराची गाडी आहे," गवा म्हणाला. "कारखान्यातून आली तशीच ठेवलीय. मी एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही. तुम्हीही बदलू नका. ज्यांनी बनवली, त्यांनी काहीतरी विचार करूनच बनवली असेल."

दाजीबाने मान डोलावली. मान डोलावायला कुणाचं काय जातं!

गाडी दारात आली. भागूबाईने दार उघडलं, एक पाय आत ठेवला आणि बसली. तिचं तिलाच नवल वाटलं.

"अगंबाई, बसले की मी!" ती म्हणाली. "चल रे, एक चक्कर मारू."

दोघं पाणवठ्यावर गेले. तिथे संध्याकाळी सगळ्या जंगलाच्या गाड्या लागायच्या. सगळ्यांत पुढे रणधीरराव बिबट्यांची जीप. तिची चाकं एवढी मोठी, की आधी चाकं दिसायची आणि मग बराच वेळ वर बघत गेलं की जीप दिसायची.

रणधीररावांनी दाजीबाच्या गाडीभोवती एक फेरी मारली.

"छान आहे," ते म्हणाले. "आता काय काय करणार?"

"करणार काय? आईला कुंडावर नेणार."

"ते झालंच हो. गाडीला काय करणार? की अशीच ठेवणार?"

'अशीच' हा शब्द दाजीबाच्या कानात काट्यासारखा घुसला. त्याने वळून गाडीकडे पाहिलं. मघापर्यंत तिला चार चाकं होती. आता तिला चार लहान चाकं होती.

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. बाकी कुणी काही बोललं नव्हतं. रानडुकरांनी तर गाडीकडे बघितलंही नव्हतं. तेच त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो नागूशेठ साळिंदराच्या टायरच्या दुकानात गेला. साळिंदराने टायरचं दुकान काढावं याचं जंगलात कुणालाच आश्चर्य वाटत नसे. दुकानासमोरून गेलेली निम्मी वाहनं पुढच्या वळणावरून पंक्चर होऊन परत यायची. धंदा बारमाही होता.

"मोठे टायर हवेत," दाजीबा म्हणाला.

"रस्त्यावर चालवणार, की रस्ता सोडून?"

"रस्ता आहे कुठे?"

"मग मोठेच घ्या." नागूशेठने अंगावरचा एक काटा काढून चाकाला लावून बघितला. "दोन बोटं मोठे घेतले, तर कुणाला कळणार नाही. चार बोटं मोठे घेतले, तर कळेल, पण तुम्हाला सांगावं लागेल. सहा बोटं मोठे घेतले, तर तुम्हाला काही बोलावंच लागणार नाही."

"सहा बसतील?"

"बसतील. वळताना जरा आतून घासतील."

"आणि वळलंच नाही तर?"

"मग अजिबात नाही घासणार, साहेब."

दाजीबाला हे पटलं. सहा बोटं मोठे टायर आले. मडगार्डची आतली कड थोडी कापली. मागे लावलेली स्टेपनी मात्र जुन्याच मापाची राहिली.

"तिच्यावर कव्हर असतं," नागूशेठ म्हणाला. "झाकलेल्या चाकाला मोठेपणा घेऊन काय करायचंय?"

गाडी घरी आली. भागूबाई हौसेने पुढे झाली. तिने पाय उचलला. पाय पोहोचला नाही. तिने दुसरा उचलून पाहिला. मग दाराला धरून थोडी लोंबकळली आणि खाली उतरली.

"दाजी, हिला काय झालं रे? ही अशी टाचा उंच करून का उभी राहिलीय?"

"उंची वाढवली, आई. तुझ्यासाठीच. खड्ड्यात तुला हादरे बसायला नकोत."

"हादरे आत बसल्यावर बसतात ना? मी आत कशी जाऊ?"

प्रश्न रास्त होता. तो दाजीबाला अख्ख्या दिवसात सुचला नव्हता.

तो पुन्हा नागूशेठकडे गेला. नागूशेठने दाराखाली बसवायच्या साइड स्टेप आधीच बाहेर काढून ठेवल्या होत्या.

"टायर नेलेलं गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी स्टेपसाठी येतंच," तो म्हणाला. "तुम्ही दुसऱ्याच दिवशी आलात. घरी आईसाहेब आहेत वाटतं?"

स्टेप दोन प्रकारच्या होत्या. एक रुंद, काळी, वर रबर लावलेली. तिच्यावर पाय अख्खा बसायचा, पण दिसायला ती सरकारी दवाखान्याच्या पायरीसारखी होती. दुसरी गोल नळीची, चकचकीत. तिच्यात तोंड दिसायचं आणि तिच्यावरून पाय घसरायचा.

दाजीबा बराच वेळ दोन्हींसमोर उभा राहिला. त्याने आईचे गुडघे आठवले. मग त्याने रणधीररावांचा चेहरा आठवला. शेवटी त्याने दोघांचंही समाधान केलं. चकचकीत नळी घेतली आणि ती आईसाठी चांगली खाली लोंबती बसवायला सांगितली.

"साहेब, खाली काही लागू नये म्हणून गाडी वर घेतली," नागूशेठ म्हणाला. "आता स्टेप एवढी खाली सोडली तर..."

"तर काय?"

"तर काही नाही. आपल्याला काय, बसवून देतो."

करकोचे आले. आकाशात त्यांची रांग दिसली तसा भागूबाईने काठी आणि फडकं दाराशी आणून ठेवलं. पहिला दिवस गाडी धुण्यात गेला. दुसऱ्या दिवशी रणधीररावांनी गाडी बघायला बोलावलं होतं, त्यांना नाही कसं म्हणायचं? भागूबाई दोन्ही दिवस दाराशी बसून होती.

तिसऱ्या दिवशी उजाडताच दोघं निघाले. भागूबाईचा पाय नळीवरून दोनदा घसरला. तिसऱ्या वेळी दाजीबाने मागून ढकललं आणि ती आत जाऊन पडली.

चढ लागला. गाडी धापा टाकू लागली. पूर्वी ज्या चढावर ती गुणगुणत जायची, त्यावर आता तिला पहिला गिअर लागत होता. वळण आलं. चाक आतून घासलं. दाजीबाने गाडी मागे घेतली, पुढे घेतली, परत मागे घेतली. मागे हरणांची रांग लागली.

"मोठी गाडी आहे," दाजीबा काच खाली करून त्यांना म्हणाला. "वेळ लागतोच."

डोंगराच्या माथ्यावर मागचं डावं चाक बाभळीच्या काट्याने बसलं. दाजीबाने कव्हर काढून स्टेपनी लावली. जुन्या मापाचं चाक ते, गाडीचा तो कोपरा खाली गेला. पुढून उंच, मागून उतरती. झाडावरची शेकरू खाली वाकून म्हणाली, "अगदी मालकावर गेलीय हो!"

दाजीबाने ऐकलं नाही असं दाखवलं.

पुढे ओढा होता. ओढ्यापलीकडे, दोन हाकांवर कुंड. पाण्याची वाफ इथून दिसत होती. गाडी ओढ्यात उतरली, अर्ध्यावर गेली, आणि खालून कर्रकन आवाज आला. डावीकडची चकचकीत नळी एका खडकावर नीट बसली होती. त्या बाजूची चाकं नुसतीच गरगरू लागली.

दाजीबाने पुढे घेतली, मागे घेतली. गाडी हलेना. सूर्य डोक्यावर आला.

"मला उतरव," भागूबाई म्हणाली.

"थांब गं आई, निघेल."

"गाडी निघेल तेव्हा निघेल. वैद्य थांबणार नाही."

तिने दार उघडलं. नळी खडकाला टेकलेली असल्यामुळे उतरणं फार सोपं गेलं. स्टेपचा तेवढा एक उपयोग झाला.

"तू येतोस ना?" तिने विचारलं. "पाणी ओढतंय."

दाजीबाने आईकडे पाहिलं. मग टायरांकडे पाहिलं.

"नवे टायर आहेत, आई. एकटे कसे सोडू? हे जंगल आहे."

भागूबाई काठी टेकत पाण्यात निघाली. एका दगडावरून दुसऱ्या दगडावर. मधोमध तिचा पाय अडखळला आणि ती तिथेच उभी राहिली. दाजीबाने एक पाय पाण्यात घातला.

तेवढ्यात मागून जीपचा आवाज आला.

"दाजीबा!" काठावरून रणधीरराव ओरडले. "अडकली?"

"अडकली," दाजीबा खाली मान घालून म्हणाला.

"खडकावर?"

"हो."

"अहो, मग आता खरी गाडी झाली तुमची!" रणधीररावांच्या आवाजात चक्क हेवा होता. त्यांची जीप आजवर ओढ्यात उतरलीच नव्हती. "हलू नका. असंच राहा. एक पाय पाण्यात आहे तो तसाच ठेवा."

त्यांनी चार बाजूंनी फोटो काढले. दाजीबाने बॉनेटवर हात ठेवला, हनुवटी वर केली. फोटो झाल्यावर त्याला आठवण झाली आणि त्याने वळून पाहिलं. ओढ्यात कुणी नव्हतं. पलीकडच्या काठावर ओल्या पावलांचे ठसे होते. त्याने मोठा श्वास सोडला.

रणधीररावांनी गाडी ओढून दिली नाही. चिखल उडाला असता. शेवटी पाण्यावर आलेल्या दोन रेड्यांनी ती बाहेर काढली. एक नळी वाकडी होऊन आत गेली.

उन्हं उतरायच्या आत भागूबाई परत आली. गुडघ्यांना पाला बांधलेला, चाल सरळ.

"तो पंख पसरून उभाच होता रे," ती म्हणाली. "मला बघून परत मिटले. माझ्यानंतर उडाला."

"बरं झालं, आई! चल, बस."

भागूबाईने गाडीकडे खालून वरपर्यंत पाहिलं.

"वैद्याने सांगितलंय, वाटेने हवं तेवढं चाल. उंच पायरी चढायची नाही."

आणि ती पुढे चालू लागली.

दाजीबा काय करणार? त्याने पहिला गिअर टाकला आणि आईच्या मागे गाडी घेतली. दिवसाउजेडी दिवे लावले, तिला वाट दिसावी म्हणून. पुढे काठी टेकत भागूबाई, मागे चिखलाने माखलेली उंच गाडी. ससे बिळातून बाहेर आले. माकडं फांद्यांवर सरसावून बसली. हरणांनी वाट करून दिली.

"याला म्हणतात मुलगा!" एक सांबर आपल्या पोरांना म्हणालं. "आईला केवढ्या मानाने नेतोय, बघा!"

ते दाजीबाच्या कानावर पडलं. त्याचे डोळे भरून आले. ऊर अभिमानाने दाटला. त्याने जोरात हॉर्न वाजवला.

भागूबाई दचकून बाजूला झाली, आणि गाडी पुढे निघून गेली.

तात्पर्य : मुलांनो, गाडी नेहमी आईसाठीच घ्यावी, म्हणजे घरात कुणी नाही म्हणत नाही. टायर मात्र बिबट्याला आवडतील तेच घ्यावेत. आईला काय, चालता येतं.