चैतराम मास्तरांची चार बोटं

"एखाद्या वेळी बायको ऐकनार नाई, पण पत्रा माह्यं ऐकते!" असं चैतराम मास्तर उठता-बसता म्हणायचे. रुख्माबाई हे ऐकायच्या आणि ऐकलं नाही असं दाखवायच्या.

गोंदियाहून बिरसीकडं जाताना रस्त्याला लागूनच मास्तरांची टिनाची शेड. एके काळी इथं ट्रकांच्या बॉड्या हातानं ठोकून बनायच्या. आता गाड्या कपडे घालूनच जन्माला येतात! विद्या आपल्याबरोबर जाऊ नये म्हणून मास्तरांनी वर्ग काढला. विद्यार्थी दोन. हिमांशू आणि दामिनी. डोक्यावरून बिरसीच्या विमानतळावरचे शिकाऊ वैमानिक विमानं फिरवायचे आणि खाली हे दोघं पत्रा बडवायचे. जास्त आवाज कोणाचा, यावर गावात दुमत होतं.

दामिनीचा हात विलक्षण होता. रेतीच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी मोगरीनं ठोकत बसली, की पत्र्याला पुरीसारखा फुगवटा यायचा. पण तिचे वडील उदाराम धानाचे शेतकरी, त्यांना हे पटेना.

"पोट्टी हातोडा धरून राहिली, मास्तर! सोयरीक घेऊन कोन येईल?"

"गाडी बनवून राहिली ते. पाहा तं खरं!"

शेवटी ठरलं. दसऱ्याला दामिनीनं बनवलेली गाडी शेडबाहेर आली, तर ती इथं शिकेल. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून शिलाई क्लास!

मास्तरांनी एका जुन्या टेम्पोचा सांगाडा आणला आणि पोरांनी त्यावर बॉडी चढवली. एका सकाळी आत वाकून पाहताना मास्तरांचं डोकं छताला आपटलं. ते हिमांशूला म्हणाले, "छत चार बोटं वर घे." दुपारी जेवून आल्यावर त्यांना वाटलं, हे सांगायचं राहिलंच! मग दामिनीला म्हणाले, "छत चार बोटं वर घे."

"मास्तर, आनखी?"

"पत्र्याच्या कामात प्रश्न नाई विचारायचे!"

तिनं नाही विचारले.

दसरा उजाडला. हत्यारांची पूजा मांडली, गाडीला झेंडूचा हार चढला. उदाराम तर सगळा गोतावळा घेऊनच आले! मास्तर ऐटीत स्टिअरिंगवर बसले, गाडी दारापर्यंत आली आणि हिमांशू ओरडला, "थांबा! छत गर्डरले लागते!"

दारावरच्या लोखंडी गर्डरवर अख्खी शेड उभी होती. तो काढायचा तर शेडच काढावी लागणार!

"दार लहान झालं का काय?" मास्तरांनी दाराकडंच संशयानं पाहिलं.

चाकांतली हवा सोडली. तरी दोन बोटं कमी! उदाराम नुसते मिशीत हसले. दामिनीचा चेहरा उतरला. पण लगेच ती पाहुण्यांकडं वळली.

"मामा, मावशी, सारे गाडीत बसा! वजनानं स्प्रिंगचे पाटे दबतीन!"

गाडीच्या मागच्या दारानं सगळा गोतावळा आत शिरला. उदाराम मान म्हणून पुढं मास्तरांजवळ बसले. गाडी कण्हली, पण दबली! अर्धी बाहेरही आली. इतक्यात शेडच्या कोपऱ्यात पूजेत गुंतलेल्या रुख्माबाईंनी हाक दिली, "चला, परसाद घ्या! शिरा गरम हाय!"

क्षणात गाडी रिकामी! पाटे वर उसळले, छत गर्डरखाली घुसलं आणि टिनाची शेड करकरली. शेडला दार एकच, त्यात बुचासारखी गाडी. पाहुणे आणि शिरा आत. मास्तर आणि उदाराम बाहेर!

"अरे, गाडीत बसा नं!" मास्तर खिडकीतून ओरडले.

"कायले घाई करता? खाऊ तं द्या!" आतून कोणीतरी तोंडभर शिऱ्यातून म्हणालं.

"अन् आमचा शिरा?" उदाराम कळवळले.

कढई रिकामी होईपर्यंत कोणी हललं नाही. मग सगळे ढेकर देत परत बसले आणि शिरा पोटात गेल्यानं गाडी पहिल्यापेक्षा बोटभर जास्तच दबली! मास्तरांनी गियर टाकला. गाडी बाहेर आली!

टाळ्या पडल्या. पण छताच्या मधोमध हा लांब पोचा पडलेला! टाळ्या थांबल्या. उदारामांनी पोच्यावरून हात फिरवला. "हे आता दुरुस्त होते?"

"होते," दामिनी म्हणाली. "तुमी वरून हा लोखंडी ठोकळा दाबून धरा. मी आतून ठोकतो."

उदाराम नव्या धोतरानिशी शिडीवर चढले.

"बाबा, हालू नका! नीट धरा! झोप लागली का?"

पोरगी रागावत होती आणि बाप मुकाट ठोकळा धरून उभा होता. ठोकता ठोकता तिनं चार बोटं दोनदा कशी वाढली तेही सांगून टाकलं. पोचा हळूहळू भरत गेला आणि पत्रा गुळगुळीत झाला. उदाराम खाली उतरून मास्तरांना म्हणाले, "येऊ द्या पोट्टीले. पन मास्तर, तुमी प्रश्न विचारू देत जा!"

मास्तरांनी मान खाली घातली. हिमांशू दुसरीकडं पाहून हसला.

संध्याकाळी पाहुणे आपापल्या गावी गेले. गाडीला काचा बसायच्या होत्या. रात्रीचं दव पडायच्या आत ती शेडमध्ये घ्यायला हवी होती. मास्तरांनी गाडीकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, मग आशेनं रुख्माबाईंकडं पाहिलं.

"कढई घासून पालथी घातली मी," रुख्माबाई म्हणाल्या.