लिंबाजीकाकांचा कोरडा नळ

नळाला शिव्या देणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी रोज ऐकते. आणि नुसत्या शिव्या नाहीत, चांगली उलटतपासणी. उजाडलं की लिंबाजीकाका कानाला मफलर गुंडाळून अंगणातल्या नळापुढं उभे राहतात, तोटी पुरती पिळतात आणि सुरू होतात.

"काय रे बेइमाना! गावाला पानी, म्हशीला पानी, आन् मला ठेंगा? तुझ्या बापानं तरी पानी पाह्यलं होतं का? बोल! जवाब दे!"

नळ कसला जवाब देतो! एखादा मुंगळा तेवढा बाहेर येतो. काका त्यालाही सोडत नाहीत. "तू कुठं चाललास? जवाब दे!"

तोवर भिंतीपलीकडं माझ्या झोपेचं खोबरं झालेलं असतं.

मी नर्स. सेलू तालुक्यातल्या एका गावाच्या उपकेंद्रावर माझी नेमणूक झाली आणि राहायला पाटाच्या कडेच्या जुन्या वसाहतीत खोली मिळाली. वसाहत कसली, माळावर ओळीनं पडलेल्या खोल्या. त्यातल्या दोनच धड; एकीत मी, दुसरीत काका. गाव पाटाच्या पलीकडं. देवगाव फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि पुढं मिळेल त्या वाहनाला हात करायचा. दिवस बुडाला की माळावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आमच्याकडं छाती फुगवून म्हणतात. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा म्हटलं त्याला डिसेंबरात सकाळी आमच्या हापशावर आणून उभा करा. मग बोल म्हणावं.

हापसा खाली ओढ्याला. यंदा खोल्यांना नळ बसले, पण पाणी यायच्या आतच दिवाळीत बोअरची मोटार जळाली, म्हणून अजून तोच आमचा आधार. लोखंडी दांडा हातात धरला की बोटं आपली आहेत का शेजाऱ्याची ते कळत नाही. हापसायचं, हंडा कमरेवर घ्यायचा, चढ चढायचा. माझ्या हातांना भेगा पडल्या. आणि उपकेंद्रात भिंतीवर काय, तर वरून आलेलं रंगीत पोस्टर, "साबणाने हात स्वच्छ धुवा". पोस्टरखाली बेसिन, बेसिनला वसाहतीच्याच लाईनीचा नळ आणि नळात ठणठणाट! ते पोस्टर पाठवणाऱ्याच्या हातात एकदा हंडा द्यायचाय मला.

काका मूळचे पाटकरी. सारा जन्म पाटाचं पाणी दुसऱ्यांच्या शेतात सोडण्यात गेला. रिटायर झाले, पण खोली सोडा असं कुणी म्हटलं नाही, म्हणून राहिले. पाटाचं दार उघडायची लोखंडी चावी, हातभर लांब, अजून काठीसारखी हातात. तिनंच ते बोट दाखवतात, तिनंच कुत्री हाकलतात. एसटी उशिरा आली की ती चावी ड्रायव्हरकडं रोखून, "येळ काय, तू आलास कवा? जवाब दे!" मी बीपी तपासायला गेले तर यंत्रालाच दरडावलं, "एवढं का दाखवायलायस? जवाब दे!" माझ्याशी मात्र अदब. माझा चहा पिऊन म्हणाले, "सिस्टर, ह्या च्यात दूध घातलंय का नुसतं दाखवलंय? जवाब द्या."

त्यांची बायको गयाबाई पुण्याला मुलाकडं असते. पाटकऱ्याची बायको, आणि उभा जन्म डोक्यावर हंडे. मागच्या थंडीत ती हापशाजवळ घसरून पडली. उठली, हंडा तिथंच ठेवला आणि म्हणाली, "घरात नळाला पानी आलं की येते." गेली ती गेलीच. मी तिला कधी पाहिलेलं नाही, पण हापशावर असले की माझं मत तिलाच.

संक्रांत झाली. एके दिवशी एका बाळंतिणीला तपासायचं होतं आणि हात धुवायला हंड्यात घोटभर पाणी. माझं डोकं सणकलं. तपासणी कशीबशी उरकली आणि तडक ग्रामपंचायत गाठली. शिपाई उन्हात बसून हुरडा खात होता. मी तोंड सोडलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, तळहातावरची फोलं फुंकली आणि म्हणाला, "बाई, मोटार तर कवाच दुरुस्त झाली. तुमच्याकडं पानी सोडलेलं हाय. तुमच्या तिथला पाइपाचा वॉल बघा की."

वॉलचा खड्डा काकांच्या खोलीमागं. वर फरशी, फरशीवर बाभळीच्या काट्या. काट्या ओढल्या, फरशी सरकवली. वॉल गच्च आवळलेला. चाक नव्हतंच, लांब चावीशिवाय तो हलणार नव्हता. आणि तसली चावी साऱ्या शिवारात एकाच माणसाच्या हातात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस रोज माझ्यापुढं त्याच हापशावर थंडीनं कुडकुडत उभा राहत होता!

"काका! वॉल कुणी बंद केला? जवाब द्या!"

काका ओट्यावर ऊन खात होते. खड्ड्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग खाली बघत म्हणाले, "मीच."

"माझे हात बघा!" मी दोन्ही पंजे त्यांच्या नाकापुढं धरले. "बायामाणसं तपासते मी ह्या हातांनी! लाज कशी नाही वाटली?"

"वाटती की." त्यांनी चावी मांडीवर आडवी घेतली. "पानी आलं त्या दिशी तिला फोन लावायला घेतला, सिस्टर. मंग वाटलं, पानी आलंय म्हनलं, आन् तरीबी ती येत न्हाई म्हनली तर? आता नळाला शिव्या देता येत्यात. मंग कुनाला देऊ?"

राग माझा तसूभर कमी झाला नाही, उगीच खोटं कशाला सांगू? "ते तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं. "आधी वॉल उघडा. आणि फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर."

त्यांनी वॉल उघडला. अंगणातला नळ खोकला, लाल पाणी ओकला आणि मग धो धो वाहायला लागला. काकांनी साधा फोन काढला, स्पीकर लावला. पलीकडून "हालो" आलं, तसे काका वाकले. त्यांनी फोन नळाजवळ नेला.

"गया, आवाज यायलाय का?"

मग गयाबाईचा आवाज आला, "यायलाय." आणि पुढं, "पर तिकडं थंडी लय हाय म्हनं. थंडी सरली की बघते."

"बरं," काका म्हणाले. फोन धोतराला पुसून खिशात ठेवला, तोटी हळूच बंद केली आणि आत गेले. त्या दिवशी त्यांनी कुणालाच जवाब विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी घरातल्या घरात बादली भरत होते. कान अंगणाकडं होते. नळापुढं कुणी नव्हतं. या माळावर सकाळी मला हाका न मारता उठवणारं दुसरं होतं कोण?

तेवढ्यात अंगणातून गर्जना आली. काका मधोमध उभे होते, मफलर सोडलेला, चावी आभाळाकडं रोखलेली.

"काय गं बेशरमे थंडे! कवापास्नं मुक्काम ठोकलायस? कवा सरतीस? बोल! जवाब दे!"

मी बादली तशीच वाहती ठेवली, शाल ओढली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"असं हळू तिला ऐकू जायचं नाही, काका," मी म्हटलं. "अजून मोठ्यानं विचारा."