दीड हात हिरवळ

टॅमरॅक कॉलेजच्या क्रीडा विभागात सोमवारी सकाळी पहिलाच फोन आला तो तक्रारीचा, आणि तक्रार अशी होती की गवत ओरडतंय.

"कुठलं गवत?" हिशेब सांभाळणाऱ्या लायल टॉर्गरसनने विचारलं.

"तुम्हीच विकलेलं! पन्नास डॉलरला दीड हात!" लोर्ना स्टेकेलबाई फोनमध्ये मावत नव्हत्या. "शनिवारी दुपारी मी परसात टोमॅटो तोडत होते. खालून आवाज आला, 'अरे पळ की गाढवा!' आणि मग मला डोरिस म्हणाला. मी डोरिस नाही. आमच्या सात पिढ्यांत कुणी डोरिस नाही!"

लायलने आधी उन्हाला दोष दिला. अमेरिकेतल्या डकोटात त्या वर्षी ऊनही तसंच होतं. गावातल्या सगळ्या अंगणांची पार कौलं झाली होती. पण स्टेकेलबाई म्हणाल्या, तेच तर. सगळं करपलंय, आणि तो तुकडा तेवढा हिरवागार आहे. पाणी एक थेंब घातलेलं नाही.

कॉलेजने फुटबॉलमध्ये वरच्या गटात जायचं ठरवलं तिथून हे सुरू झालं. फुटबॉल म्हणजे अर्थातच लंबगोल चेंडूचा, त्या गावाला दुसरा ठाऊक नव्हता. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे कॉलेजला कुणी शिकवलं नव्हतं. वरच्या गटाची प्रवेश फी, जास्त खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या, विमानाचे प्रवास, आणि टीव्हीवर चांगलं दिसावं म्हणून मैदानभर प्लॅस्टिकचं गवत. दर शरदात नदीपलीकडच्या बेल्डन कॉलेजशी होणारा शंभर वर्षांचा सामनाही बंद झाला, कारण बेल्डन आता खालच्या गटातलं. त्याऐवजी पहिले दोन सामने बड्या विद्यापीठांच्या मैदानांवर ठेवले होते. तिथे जायचं, सपाटून मार खायचा आणि त्याची जाडजूड बिदागी घेऊन परत यायचं. अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला सर्वात मोठा आकडा हरण्याचाच होता.

तरीही हिशेबात खड्डा उरला. तेव्हा लायललाच सुचलं की जुनी हिरवळ उकरून फेकण्यापेक्षा तिचे तुकडे करून चाहत्यांना आठवण म्हणून विकावेत. वसंतात दोन दिवसांत सगळे तुकडे खपले आणि लायलचा सत्कार झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण सत्काराच्या वेळी ते कुणाला आठवत नाही.

त्या सोमवारी संध्याकाळपर्यंत फोनची घंटा थांबली नाही. कुणाच्या अंगणात खोकल्याची उबळ ऐकू आली होती, कुणाच्या गवतावर दव पडून पावलं उमटली होती, आणि ती कुठून आलेली नव्हती, कुठे गेलेली नव्हती, जागच्या जागीच अस्वस्थपणे हलत होती. एका घरच्या तुकड्यातला माणूस पंचाला इतक्या शिव्या देत होता की त्यांनी मुलांना आजोळी पाठवलं.

लायल आपल्या साहेबाकडे, चेटकडे गेला.

"पैसे परत करायचे नाहीत," चेट मान वर न करता म्हणाला.

"चेट, गवतातून माणसं बोलताहेत."

"बोलू देत की! वरच्या गटात बोलकेच चाहते लागतात."

लायल आईकडे जेवायला गेला तेव्हा त्याच्या अंगावरचा काटा अजून बसला नव्हता. एक्क्याऐंशी वर्षांच्या आर्डिसबाईंनी ओव्हनमधून बटाट्याचा हॉटडिश काढला, सगळं ऐकून घेतलं आणि त्याला वाढलं.

"त्यात नवल काय?" त्या म्हणाल्या. "ते मैदान थोडंच होतं, अर्धं गाव होतं तिथे. माणूस गेला की राख घेऊन यायचं, सामना संपला की गर्दीत हळूच सोडायची. सगळेच करायचे. बोलायचं नाही कुणी."

लायलचा घास हातातच राहिला. त्याची नजर भिंतीजवळच्या फडताळावर गेली. तिथे वडिलांचा, हेल्मर टॉर्गरसन यांचा, अस्थिकलश होता.

"आई, मग गेली सहा वर्षं नाताळला मी ज्याला नमस्कार-चमत्कार करतो, त्यात काय आहे?"

"शेगडीतली राख. तुला वाईट वाटू नये म्हणून."

"म्हणजे बाबांना…"

"तू विकलंस," आर्डिसबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच लायलला जास्त लागलं. "मी काही बोलले नसते रे. पण माझीही सोय मी तिथेच ठरवली होती. त्याच्या शेजारी. आता प्लॅस्टिकवर जाऊन पडू का? तुझ्या बाबांना घेऊन ये, लायल. पुढचं पुढे बघू."

फोनवर बहुतेकांनी शनिवारच्या सामन्याचीच वेळ सांगितली होती; गवत बोलायचं ते बहुधा सामना चालू असताना. म्हणून लायलने गावभर निरोप धाडला, शनिवारी दुपारी एक वाजता सगळ्यांनी आपापले तुकडे घेऊन स्टेडियमबाहेरच्या वाहनतळावर यावं, आणि ज्याचा माणूस त्याने घेऊन जावा. संघ त्या दिवशी दुसऱ्या बड्या विद्यापीठाकडून मार खायला बाहेरगावी गेलेला होता. लोक केकच्या ट्रेमधून, ढकलगाड्यांतून, एक तर पोराच्या पाळण्यातून हिरवळ घेऊन आले. सगळ्या गाड्यांचे रेडिओ लागले.

लख्ख ऊन होतं आणि वाऱ्याचा मागमूस नव्हता. सुरुवातीची शिट्टी झाली आणि डांबरावर मांडलेल्या साऱ्या तुकड्यांतली पाती एकदम उभी राहिली. मोठ्या गर्दीने एकदम श्वास ओढावा तसा आवाज झाला. जिवंत माणसांपैकी कुणीही तेवढ्यात श्वास घेतला नव्हता.

मग लोक गुडघे टेकून, कान गवताला लावून फिरू लागले.

"मार्व्हिन? मार्व्हिन, तू आहेस का?"

"हा नाही हो तुमचा. हा शेंगदाणे मागतोय."

"शेंगदाणे? अहो, मग आमचाच! द्या इकडे!"

स्टेकेलबाईंचा तुकडा खऱ्या डोरिसने छातीशी धरला. ती वाकली, काहीतरी ऐकलं, आणि मधल्या सुट्टीपर्यंत रडत राहिली. लायलला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. तो आईचा हात धरून प्रत्येक तुकड्यापाशी थांबला. हेल्मरची ओळख सोपी होती. संघाने घोळ घातला की ते दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायचे की पुढच्या रांगेतल्यांच्या टोप्या हलायच्या. त्या दुपारी संघ घोळाशिवाय दुसरं काही करत नव्हता, तरी शिट्टी कुठेच वाजली नाही.

"एक तुकडा आलेला नाही," लायल विक्रीची यादी ताडून म्हणाला. वसंतात बेल्डनची लाल टोपी घातलेला एक म्हातारा रांगेत उभा होता. नदीपलीकडचा ड्वेन क्रुगर. पन्नास डॉलर मोजताना तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "माझ्या कुत्र्यासाठी नेतोय. त्याला रोज सकाळी जागा लागते."

आर्डिसबाई स्वतःच गाडीत जाऊन बसल्या. लायलने गाडी पुलापलीकडे काढली.

क्रुगरच्या अंगणात गवताचं पातं शिल्लक नव्हतं, मध्ये तेवढा दीड हात हिरवा चौकोन होता. त्याच्या कडेला रेडिओ, दोन खुर्च्या आणि दोन बियर. एका खुर्चीत क्रुगर होता. कुत्रा लांब कुंपणाला चिकटून पडला होता.

"या," क्रुगर म्हणाला. लायल दुसऱ्या खुर्चीकडे वळला. "तिथे नको पोरा. ती रिकामी नाही."

तेवढ्यात रेडिओवर टॅमरॅकच्या खेळाडूने चेंडू हातातून सोडला, आणि जमिनीतून शिट्टी आली. क्रुगरची टोपी हलली. आर्डिसबाईंनी तोंडावर हात धरला.

"मिस्टर क्रुगर, हा तुकडा मला परत द्या," लायल म्हणाला. "शंभर घ्या. पाचशे घ्या! हे माझे वडील आहेत."

"ठाऊक आहे. शिव्या देताना नाव सांगतो स्वतःचं." क्रुगरने बियरचा घोट घेतला. "खरंच कुत्र्यासाठी आणला होता. गेल्या शनिवारी कुत्र्याने पाय वर केला, तर याने त्याची आई-आजी काढली. तेव्हापासून तो शेजाऱ्याकडे जातो. बायको गेल्यापासून या घरात माझ्याशी कुणी भांडलेलं नाही, पोरा. वर्षातून एकदा तुमचा सामना होता, तोही तुम्ही मोठे व्हायला निघालात आणि बंद केलात. हा एकच उरलाय मला. लाख दिलेस तरी देणार नाही."

लायल गुडघ्यावर बसला. "बाबा, चुकलं माझं. घरी चला. आई आलीय."

गवत हललं नाही. मग रिकामी खुर्ची करकरली आणि कुणी हात न लावता सावकाश सरकली, क्रुगरच्या बाजूला. लायलच्या पाठीतून थंड शिरशिरी गेली. पण आर्डिसबाईंनी ते हालणं पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवले.

"लग्नापासून असाच आहे," त्या म्हणाल्या. "भांडायला माणूस मिळाला की घर आठवत नाही. क्रुगर, तुमच्याकडे आणखी खुर्ची आहे का?"

क्रुगरने खुर्ची आणली. आर्डिसबाई हिरवळीला पाय लावून बसल्या आणि अंगणाकडे नीट बघून घेतलं.

"हा चौकोन थोडा वाढवता येईल? पुढेमागे मलाही लागेल."

"आई!" लायल म्हणाला.

क्रुगरने डोक्यावरची टोपी सारखी केली. "बेल्डनच्या मातीत राहायचं तर लाल टोपी घालावी लागेल."

"आधी मरू तर द्या."

रेडिओवर सामना संपला. टॅमरॅक इतिहासातल्या सर्वात मोठ्या फरकाने हरलं होतं. निवेदक म्हणाला की आजच्या बिदागीने फीची रक्कम पूर्ण झाली, आणि कॉलेज आता रीतसर वरच्या गटात गेलं आहे. अभिनंदन.

आर्डिसबाईंना हसू फुटलं, क्रुगरला ठसका लागला, आणि त्यांच्यामधून, खालून, एक तिसरं, घोगरं हसणं वर आलं. ते लायलने सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. त्याने डोळे पुसले आणि चौथी खुर्ची आणायला तो गॅरेजकडे गेला.